तीन नंबरची पेटी आणि दारातले बैल

माझ्याकडे मधमाशांच्या सहा पेट्या होत्या आणि त्यांतली तीन नंबरची अगदी माझ्यावर गेली आहे, असं गावात म्हणत. म्हणणाऱ्यांना तो टोमणा वाटायचा. मला मनातून बरं वाटे. निदान कुणीतरी माझ्यावर गेलं होतं.

आमचं गाव भडगावपासून जवळ, गिरणेच्या काठाला. गावाबाहेर नदीच्या अंगाला आमची लिंबाची बाग होती आणि बागेच्या टोकाला एक खोली. मातीच्या भिंती, वर पत्रे. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी मी धुळ्याकडच्या सासरहून कायमची परत आले, तेव्हा वडील होते. ते गेल्यावर भाऊ म्हणाला, घरातच राहा. वहिनी काही बोलली नाही, पण तिच्या न बोलण्यात सगळं आलं. मीही काही गरीब गाय नव्हते. चुलीवरून दोनदा कडाक्याचं वाजलं आणि मी माझी ट्रंक उचलून बागेतल्या खोलीत राहायला गेले. रागाने गेले. राग आठ दिवसांत उतरला, पण तोवर माझी चूल तिथे मांडून झाली होती आणि परत ये म्हणायला कुणी आलं नाही.

पेट्या आल्या त्या अमळनेरच्या शिबिरामुळे. ऐंशी सालानंतरची गोष्ट. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला होता: मधमाशा पाळण्याचं शिक्षण, दहा दिवस, राहून-जेवून. खरं सांगायचं तर माशांसाठी मी गेलेच नव्हते. दहा दिवस चार माणसांत बसून जेवायला मिळेल, म्हणून गेले. तिथे तीस पुरुष आणि मी एकटी. शिकवणारे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरणार नाही ना?" मी म्हटलं, "साहेब, मी सासर करून आलेय." सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कुणी हसलं होतं, ते मला पुढे कितीतरी महिने पुरलं.

साहेबांनी नियम सांगितले. पेटीजवळ जाताना वासाचं तेल लावायचं नाही, गजरा माळायचा नाही, भडक लुगडं नाही, बांगड्यांचा खुळखुळाट नाही. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी नुसती ऐकत बसले. त्यातलं सोडण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

पण माशांचे महिने मला पेट्यांनीच शिकवले. माघात आमच्या लिंबाला बहर येई. मग फाल्गुनात आजूबाजूच्या शेतांत कांद्याचे डोंगळे फुलत, चैत्रात बांधावरचे कडुनिंब. त्या दिवसांत मी तोंडावर जाळी न घेता उघड्या हातांनी पेटी उघडत असे. माशा बोटांवरून चालत जात, थांबत, पुन्हा आपल्या कामाला लागत. पोट भरलेलं आणि हाताला काम, मग कुणाशी भांडायला सवड कुठली! वैशाखात ऊन चढलं की त्या नुसतं पाणी वाहत आणि जरा चिडखोर होत. खरी पंचाईत श्रावणात. आठ-आठ दिवस झड लागे. बाहेर जाता येत नाही, गेलं तर फूल नाही, कपाशीला तेव्हा नुसती पाती, म्हणजे कळी, लागलेली असते. आतला साठा संपत येतो. मग पेटीच्या दारावर दहा-वीस जणी बसून राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर संशय घेत. मी लांबून त्यांना म्हणे, बायांनो, तुमचं मला कळतं.

त्यात तीन नंबर सगळ्यांत तिखट. ती मुळात आमच्याकडची नव्हतीच. शिबिरात सातपुड्याच्या पायथ्याचे एक आबा होते, चोपड्याच्या वरच्या पाड्यावरचे. माशांतलं साहेबांपेक्षा त्यांना जास्त कळे, पण ते गप्प बसून ऐकत. त्यांनी मला अंजनाच्या ढोलीतली एक वसाहत काढून दिली. मडक्याला फडकं बांधून ती मी एसटीने आणली आणि कंडक्टरला सांगितलं, आत ताक आहे. मडकं माझ्या हातात देताना ते म्हणाले, "जंगलनी माशी शे, माय. भूक लागनी का कोनले वयखत नही."

भूक लागली की ती कुणाला ओळखत नाही, हे मी मनात पक्कं ठेवलं होतं. तीन नंबरला भर दुपारीच उघडायची, तेव्हा निम्म्या माशा बाहेर असतात. धुराड्याचा धूर आधी दाराशी द्यायचा, थोडं थांबायचं, मग झाकण. हाताला झटका द्यायचा नाही. एखादी चावलीच तर काटा नखाने खरवडून काढायचा आणि त्या जागेवर धूर घ्यायचा, कारण एकीच्या काट्याचा वास बाकीच्यांना बोलावून आणतो. श्रावणात साखरेचा पाक द्यायचा तो पेटीच्या आत, दिवस मावळताना, आणि बाहेर एक थेंब सांडू द्यायचा नाही. पेटीचं दार इतकं बारीक करायचं की एका वेळी एकच माशी जाईल. एवढं सगळं करून ती माझं ऐके. माझं एकटीचं.

साहेब एकदा पाहणीला आले, त्यांना तिने कपाळावर प्रसाद दिला. ते म्हणाले, "बाई, या पेटीची राणी मारा. शांत पेटीतली अंड्यांची एक चौकट तिला द्या, माशा नवी राणी करतील. दोन महिन्यांत सगळी पेटी बदलते." मी हो म्हटलं आणि केलं नाही. लेकी तिखट निघाल्या म्हणून आईला मारायचं, हे मला पटेना. मीसुद्धा स्वभावापायीच इथे येऊन पडले होते.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बोलणं अगदी कमी. लिंबं तोडायला, पाणी द्यायला तो आठवड्यातून दोनदा बागेत येई आणि पेट्यांपासून लांब, बांधावर बसून तंबाखू मळे. बागेत यायच्या वाटा दोन. एक नदीकडून, ती पेट्यांच्या पुढून थेट माझ्या दाराशी येते. दुसरी विहिरीकडून, ती खोलीच्या मागच्या भिंतीशी संपते. दरवर्षी श्रावण लागला की मी त्याला बजावून सांगे, "भाऊ, या महिन्यात नदीकडून येऊ नको, विहिरीकडून ये." तो मान हलवी. मला ते सांगताना मोठं वाटे. मला काहीतरी कळतं आणि माझं कुणीतरी ऐकतं, असं वाटे.

श्रावणाच्या अवसेला पोळा. आमच्याकडे बैलांना नदीवर धुतात, शिंगं रंगवतात, झूल आणि घुंगुरमाळा घालतात, मारुतीपुढून नेतात आणि मग आपापल्या घरी आणतात. घरातली बाई दारात उभी राहून त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. दारात बैल यायलाच हवेत. बैल येतात ते घर, नाहीतर ती नुसती खोली. हे कुणी मला म्हटलं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी बागेत बसून गावातली घुंगरं ऐकताना मीच ते ठरवलं होतं. चार वर्षं ऐकली.

पाचव्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी भाऊ बांधावरून उठला, जायला निघाला आणि पाठमोराच म्हणाला, "पोयाले बैल तुनाकडे लई येसू. तू बी पूजा करजो."

पोळ्याला बैल माझ्याकडे घेऊन येतो, असं तो म्हणाला होता. मग मी म्हटलं, "ये."

एवढंच म्हटलं. कुठल्या वाटेने ये, ते म्हटलं नाही. विहिरीकडून बैल आले असते तर मागच्या भिंतीशी उभे राहिले असते. मागच्या भिंतीशी कसली पूजा! मला ते दारात हवे होते.

त्या आठ दिवसांत मी खोली आतून-बाहेरून सारवली. दाराला आंब्याची पानं बांधली. पाऊस मात्र हटेना. पोळ्याच्या पहाटे तो थांबला आणि मळभ राहिलं. आत धूर कोंडतो म्हणून मी बाहेरच्या चुलीवर पुरण शिजायला ठेवलं. गूळ विरघळून वास सुटला तशा माशा आल्या. आधी दोन-चार, मग तीस-चाळीस. पातेल्यावर ओलं फडकं टाकलं तर फडक्यावर बसल्या. एक माझ्या मनगटाला चावली, काही कारण नसताना. सगळ्या तीन नंबरच्या दाराकडे परत जात होत्या. तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. तेव्हाच कळलं होतं.

अंधार असतानाच ओल्या गवताने पेटीचं दार बुजवायला हवं होतं, ती वेळ मी पुरणापाशी घालवली होती. आता निम्म्या माशा बाहेर होत्या. तरी अजून एक गोष्ट हातात होती. नदीकडून घुंगरं ऐकू आली तेव्हा मी धावत जाऊन म्हणू शकत होते, भाऊ, तिथेच थांब, मी ताट घेऊन बांधावर येते. पूजा बांधावरही झाली असती. पण मी दारात उभी राहिले, डोक्यावरून पदर घेऊन, हातात ताट घेऊन. घरातली बाई उभी राहते तशी.

पुढे पांढरा, मागे तांबडा. शिंगांना लाल तेलरंग, अजून ओला, त्याचा वास इथवर येत होता. भावाने नवा सदरा घातला होता. माझ्याकडे बघून तो हसला. पेट्यांच्या पुढे आल्यावर पांढऱ्याने मान झटकली, घुंगरं वाजली, बहुतेक कानात एखादी गेली असावी. त्याने पुन्हा मान झटकली. मग तीन नंबरच्या दारातून माशा एकदमच बाहेर पडल्या.

पांढरा उधळला. भावाने कासरा मनगटाला गुंडाळला होता, त्यामुळे तो दहा-बारा हात फरफटत गेला. मी ताट टाकलं, चुलीपाशी पडलेलं ओलं पोतं घेतलं आणि भावाच्या अंगावर पडले. दोघांवर पोतं, वरून माशा. कासरा सुटला. पांढरा सरळ गिरणेत शिरला आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, म्हणून वाचला. तांबडा लिंबांच्या काट्यांत घुसला. शेजारच्या शेतातल्यांनी पोळा असूनही गाडी जुंपून भावाला भडगावला नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, चेहरा सुजून डोळे दिसत नव्हते. पांढऱ्याचा उजवा डोळा गेला तो गेलाच.

तिसऱ्या दिवशी मी त्याला पाहायला घरी गेले. तो ओसरीवर पडला होता, हात प्लास्टरमध्ये. वहिनी उंबऱ्यात उभी होती. मी ठरवून गेले होते की तिने तोंड सोडलं तर सगळं ऐकून घ्यायचं. पण तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. भाऊच बोलला. त्याने सुजलेले डोळे जरा उघडले आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, तुले माहीत व्हतं का?"

"नही," मी म्हटलं. "माले काय माहीत?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. भावाने डोळे मिटले. "मंग जाऊ दे," तो म्हणाला.

त्याने मारलं असतं तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी रडले असते आणि खरं बोलून मोकळी झाले असते. पण त्याने ते तिथेच संपवलं आणि माझं खोटं माझ्यापाशी राहिलं. येताना वाटेत मला वाटलं, परत फिरावं. फिरले नाही.

पाऊस सरल्यावर आश्विनात मी तीन नंबरची राणी मारली. त्याआधी राणी मारून उपयोग नसतो, नव्या राणीला नर माशा लागतात आणि त्या तेव्हाच होतात. दुपारी पेटी उघडली, चौथ्या चौकटीवर राणी सापडली. लांब, काळसर, संथ चालणारी. तिला कुणाचाच राग नव्हता. तिने फक्त अंडी घातली होती. मी तिला दोन बोटांत धरून दाबलं आणि मग कितीतरी वेळ तिथेच मातीत बसून रडले. नंतर एक नंबरच्या गरीब पेटीतली अंड्यांची चौकट तीन नंबरमध्ये ठेवली. माशांनी स्वतःच्या जुन्या अंड्यांवर केलेली राणीची घरं मी दर चार दिवसांनी पाहून खुडून टाकली. मार्गशीर्षापर्यंत जुन्या माशा मरून गेल्या, नव्या आल्या. पेटी इतकी शांत झाली की बिनधुराची उघडावी. साहेबांचं खरं होतं. पण संध्याकाळी तिच्याजवळ बसल्यावर मला चुकल्यासारखं होई. आता ती माझ्यावर गेलेली राहिली नव्हती.

पुढच्या श्रावणात मी आणखी एक गोष्ट केली. नागपंचमीपासून पेट्या हलवायला लागले. पेटी एकदम लांब नेली तर बाहेर गेलेल्या माशा जुन्याच जागी परत येतात आणि तिथे पेटी नसली की सैरभैर होऊन मरतात. म्हणून रोज थोडी सरकवायची, फार तर दोन हात. नागपंचमीपासून पोळ्यापर्यंत पंचवीस दिवस मिळतात. तेवढ्यात सगळ्या पेट्या दारापुढून निघून विहिरीपलीकडे जात. नदीकडची वाट, दार, अंगण, सगळं मोकळं. पोळ्याला मी आत चूल पेटवून पुरण शिजवलं, धूर कोंडला तरी. ताट केलं. दारात उभी राहिले.

घुंगरं मारुतीपर्यंत गेली आणि तिथूनच घरी परतली.

भावाचं येणं सुटलं नव्हतं. तो आठवड्यातून दोनदा येई, पण बाराही महिने विहिरीकडून. बांधावर बसे, तंबाखू मळे, पावसापाण्याचे दोन शब्द बोले. पोळ्याचा विषय तो काढत नसे, मीही नाही. पोळा झाला की मी पेट्या रोज दोन हात सरकवत परत दारापुढे आणत असे. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. मधे माशांत रोग आला, आतल्या अळ्या मरून पडायला लागल्या आणि चार पेट्या रिकाम्या झाल्या. एक नंबर आणि तीन नंबर राहिल्या. मग मी दोनच पेट्या सरकवू लागले. ताटातली पुरणपोळी दरवर्षी दुसऱ्या दिवशी मीच शिळी खात असे.

अशी दहा-एक वर्षं गेली. वहिनी निवळली, कधीमधी ताक पाठवू लागली. भावाचं मनगट थंडीत दुखे. तांबडा म्हातारा होऊन मेला, पांढऱ्याला एकटं कोण ठेवणार, तोही विकला, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली.

त्या वर्षी श्रावणात भाऊ नेहमीसारखा विहिरीकडून आला. पेट्या तेव्हा अर्ध्या वाटेवर पोचल्या होत्या. तो त्यांच्यापाशी थांबला. "ह्या आठे कशा?" त्याने विचारलं. बारा महिने येणाऱ्या माणसाने पेट्या इथे कशा, हे तोवर कधी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. नागपंचमी, दोन हात, पोळा, सगळं. सांगता सांगता ते राहिलेलंही तोंडातून निघालं. "भाऊ, तो दिन माले माहीत व्हतं."

तो विहिरीच्या काठावर बसला. मनगट चोळत म्हणाला, "माले बी माहीत व्हतं. दर सालले तूच सांगे ना, नदीकडथून येऊ नको."

"मंग का उना?"

"तुनं दार तिकडे शे."

मी विचारलं, मग नंतर इतकी वर्षं का नाही आलास? मी विचारावं याचंच त्याला नवल वाटलेलं दिसलं.

"तू कधी ये म्हननीच नही," तो म्हणाला.

खरं होतं. पेट्या मी सरकवल्या, अंगण सारवलं, ताट केलं, पण तोंडाने एकदाही म्हटलं नव्हतं. तो मोठा भाऊ, त्याने आपण होऊन यावं, असं मी धरून बसले. आणि तो घरात बसून वाट बघत होता आणि समजत होता, की मी ये म्हटलं नाही त्या अर्थी मला कुणी यायला नको असेल.

"मंग आवंदा ये ना, भाऊ," मी म्हटलं. "पोयाले. नदीकडथून."

"आते बैल कोठे शेतस, बाई," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून होते. नागपंचमीला तेरा दिवस झाले होते, पोळ्याला बारा उरले होते. दिवस मावळताना माशा आत आल्या आणि मी उठून दोन्ही पेट्या दोन हात पुढे सरकवल्या.